अण्णांची शुगर गेली त्या वर्षी

2017 च्या दसऱ्याला माझ्या वडिलांनी, अण्णांनी, गल्लीत पेढे वाटले. कुणी कारण विचारलं की म्हणायचे, "शुगर गेली. एकोणीस वर्षांची होती. गोळी बंद झाली बघा." आणि शर्टाच्या खिशातून घडी घातलेला रिपोर्ट काढून समोर धरायचे. तो रिपोर्ट मीच काढला होता. उपाशीपोटी 92, जेवणानंतर 128, तीन महिन्यांची शुगर 5.9. लॅबमध्ये ते आकडे टाइप करताना मी मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडले होते.

त्याच कागदावर, चार ओळी खाली, हिमोग्लोबिन 9.2 लिहिलेलं होतं. ती ओळसुद्धा मीच टाइप केली होती.

मी मिरजेत एका लॅबमध्ये काम करते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूरकडून, सीमेपलीकडून बेळगाव-विजापूरकडून माणसं इथं उपचाराला येतात आणि त्यांच्या रक्ता-लघवीच्या डब्या आमच्या टेबलावर येतात. 2003 पासून मी हे करते आहे. अनोळखी माणसांच्या डबीत काय दिसलं तर कुणाला फोन करायचा, हे मला झोपेत उठवून विचारलं तरी सांगता येईल. घरातल्या माणसाच्या डबीकडे मात्र मी वेगळ्या डोळ्यांनी बघत राहिले. हे सगळं लिहायला मला इतकी वर्षं लागली, त्याचं कारण तेच आहे.

अण्णा एसटीत वाहक होते. 1998 मध्ये चपलेचा पट्टा लागून पायाला जखम झाली, ती महिना उलटला तरी भरेना, म्हणून रक्त तपासलं आणि शुगर निघाली. तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. घरात कुणी फार घाबरलं नाही. आजीला शुगर होती, थोरल्या आत्याला होती, आता अण्णांना. कुणाकडे जमीन येते, कुणाकडे शुगर, तशातला प्रकार. गोळ्या सुरू झाल्या. पण ड्युटी तीच राहिली. दर स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीशी चहा, वेळ गाठायची म्हणून वडापाव, आणि पुढचा स्टॉप येईपर्यंत लघवी दाबून धरणं. तपासणीची तारीख जवळ आली की चार दिवस भात आणि साखर बंद. रिपोर्ट बरा आला की पुन्हा सुरू. आकडा चांगला तर सगळं चांगलं, असा त्यांचा हिशेब होता. आमचाही तोच होता.

त्यात गुडघे. तीस वर्षं हलत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडणाऱ्या माणसाचे गुडघे कसे असणार? दुखायला लागले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पट्टी यायची, डॉक्टरांची चिठ्ठी लागायची नाही. एक सकाळी, एक रात्री. बीपी 160 च्या घरात असायचं. "ड्युटीवर चढणारच," असं ते म्हणायचे. या वेदनाशामक गोळ्या किडनीत रक्त घेऊन जाणारी बारीक रक्तवाहिनी आवळतात, हे मला माहीत होतं. पण गुडघा धरून जिना चढणाऱ्या बापाला "गोळी खाऊ नका" एवढंच सांगून भागत नाही. दुसरं काहीतरी हातात द्यावं लागतं, आणि माझ्या हातात काही नव्हतं.

2011 चा तो दिवस मला आठवतो. अण्णा नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना ताप होता म्हणून मी लघवीची डबी लॅबमध्ये नेली. लघवी तपासायची पट्टी असते, त्यावर रंगांचे छोटे चौकोन असतात. प्रथिनांचा चौकोन मुळात पिवळा. लघवीत प्रथिनं असतील तर तो हिरवट होत जातो. मी पट्टी बुडवली, काठावर निथळली, मिनिटभर थांबले. चौकोन पोपटी झाला. कच्च्या कैरीच्या सालीवर उन्हाच्या बाजूनं जी पिवळसर झाक येते, तसा. ताप असला तरी लघवीत थोडी प्रथिनं येतात, हे खरंच आहे. म्हणून मी रजिस्टरमध्ये 'ट्रेस' लिहिलं आणि ताप गेल्यावर पुन्हा बघू असं ठरवलं. ताप गेला. पुन्हा बघायचं राहून गेलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, तेही मोजलं होतं, ते 1.3 आलं. रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेल्या मर्यादेत बरोबर बसत होतं.

एकोणसाठ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन 1.3 असेल आणि त्यावरून वयाचा हिशेब लावून किडनीची गाळण्याची क्षमता काढली, तर ती साठच्या आसपास येते. नव्वदच्या वर असायला हवी. तो हिशेब तेव्हा आमच्या रिपोर्टवर छापत नसत. क्रिएटिनिन फार उशिरा बोलायला लागतं. निम्मी किडनी कामातून जाईपर्यंत ते मर्यादेच्या आत राहू शकतं.

लघवीला मुंग्या लागतात ही खूण आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनीही नोंदवून ठेवली आहे. आमच्या आजीच्या बाबतीत तसंच झालं होतं, परसातल्या मोरीत मुंग्यांची रांग दिसली आणि कळलं. साखर निदान स्वतःची खबर देते. प्रथिनाला मुंग्या लागत नाहीत. थोडा फेस येतो, तो बादलीभर पाणी ओतलं की जातो.

आत काय होत असतं ते मला सगळ्यात चांगलं समजलं तासगावला, काकांच्या द्राक्षबागेत. ठिबकच्या नळ्यांमध्ये पाण्याचा दाब नेमका लागतो. मोटारीकडचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि शेवटाकडचं पाणी कोंडलेलं, असं झालं की नळी फुगते आणि ड्रीपर उडायला लागतात. किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या प्रत्येक बाजूला साधारण दहा लाख असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता, त्यात रक्त येण्याची एक वाट आणि जाण्याची एक. दिवसभरात या सगळ्या गाळण्यांतून मिळून 180 लिटर पाणी गाळलं जातं आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं शरीर परत घेतं.

आता रक्तात साखर वाढली की गाळलेल्या पाण्यातही ती उतरते. किडनीच्या लेखी साखर ही टाकून द्यायची वस्तू नाही, म्हणून ती जिवाच्या कराराने परत ओढून घेते. साखरेबरोबर मीठही ओढलं जातं. पुढे नळीत एक चौकीदार बसलेला असतो, किती मीठ येतंय त्यावरून गाळण बरोबर चाललंय का हे ठरवणारा. त्याच्यापर्यंत मीठ कमी पोचतं. त्याला वाटतं, गाळणच कमी झालंय. तो येण्याच्या वाटेचा व्हॉल्व्ह आणखी उघडतो. दुसरीकडे अँजिओटेन्सिन नावाचं रसायन जाण्याची वाट आवळून धरतं. मधला गुंता फुगतो. सुरुवातीची काही वर्षं तर किडनी नेहमीपेक्षा जास्तच गाळत असते. रिपोर्ट बघणाऱ्याला वाटतं, उत्तम चाललंय.

असा दाब वर्षानुवर्षं सोसला की गाळणीचा पडदा जाड होतो, त्याला बाहेरून बोटांसारख्या धरून ठेवणाऱ्या पेशी एकेक करून सुटतात. त्या पेशी सहसा पुन्हा उगवत नाहीत. तिथून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन पाझरायला लागतं. मग गुंत्याच्या आत खरवड साठते, गाठी होतात. त्या गाठी किमेलस्टील आणि विल्सन या दोघांनी 1936 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहून ठेवल्या, अजून त्यांच्याच नावानं ओळखल्या जातात. मग ती गाळणी बंद. शेजारच्या गाळण्यांवर तिचं काम पडतं, त्यांच्यावर दाब वाढतो, आणि त्याही त्याच वाटेनं जातात. या सगळ्याला दहा, पंधरा, वीस वर्षं लागतात. दुखत काहीच नाही.

आता त्या पेढ्यांकडे येते.

इन्सुलिन शरीरात तयार होतं, काम करतं आणि मग त्याची मोडतोड करून ते निकामी करावं लागतं. या कामाचा मोठा वाटा किडनी उचलते. शुगरच्या काही गोळ्यासुद्धा किडनीवाटेच बाहेर पडतात. किडनी थकली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं, गोळीचा असर उतरत नाही, आणि उपाशीपोटी किडनी स्वतः जी थोडी साखर बनवून देते तीही कमी होते. शुगर खाली येते. 2017 च्या पावसाळ्यात अण्णांना पहाटे घाम फुटायचा, हात थरथरायचे, आई उठून साखरेचं पाणी द्यायची. डॉक्टरांनी आधी गोळी अर्धी केली, मग बंद केली. सगळ्यांना बरं वाटलं. अण्णा म्हणाले, "कारल्याचा रस लागू पडला."

आणि ते 5.9? तीन महिन्यांची शुगर लाल पेशींवर चिकटलेल्या साखरेवरून मोजतात. किडनी बिघडली की लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे त्यांच्यावर साखर चिकटायला वेळच कमी मिळतो. आकडा खोटा खाली येतो. हिमोग्लोबिन उतरलेलं होतं ते त्याच आजारानं, कारण रक्त तयार करायचा हुकूम देणारं संप्रेरकही किडनीच बनवते. एकाच कागदावर दोन्ही ओळी होत्या. वरची वाचून आम्ही पेढे आणले.

पुढच्या संक्रांतीला अण्णांच्या पायात चप्पल जाईना. बोटानं दाबलं की नडगीवर खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. तोंडाला चव नाही, अंगाला खाज, रात्री चार-चार वेळा उठणं. क्रिएटिनिन 3.4 आलं. क्षमता अठरा. मी मशीनवर तेच सॅम्पल पुन्हा लावलं. पुन्हा 3.4. आमच्या लॅबमध्ये सहकारी मुलगी आहे, तिनं माझ्या हातातून ट्यूब घेतली आणि म्हणाली, "ताई, आता घरी जा."

डायलिसिस लागायला आणखी तीन वर्षं गेली. ती वर्षं किडनीच्या डॉक्टरांनी मिळवून दिली, बीपी आवरून, मीठ तोडून, वेदनाशामक गोळ्या बंद करून. त्या काळात आईनं स्वयंपाकघर नव्यानं शिकून घेतलं. बटाटा, रताळं चिरून भरपूर पाण्यात भिजत घालायचं, ते पाणी फेकायचं, मग भाजी. पोटॅशियम त्यानं कमी होतं. पापड, लोणचं, खर्डा गेला. कुणीतरी सैंधव खा म्हणालं, पण सैंधवही शेवटी मीठच. कुणीतरी कमी सोडियमचं मीठ आणून दिलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि थकलेल्या किडनीच्या माणसाला ते जास्त धोक्याचं. वाढलेलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं.

शहाळ्यांचं सांगायलाच हवं. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळं न्यायची रीत आहे, आणि त्यामागे माया असते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. अण्णांना भेटायला येणारा प्रत्येक जुना चालक-वाहक जाळीच्या पिशवीत दोन शहाळी घेऊन यायचा. आई ती हसून आत ठेवायची आणि माणूस गेला की शेजारी द्यायची. तोंडावर कुणाला नाही म्हणणं तिला जमलं नाही. एकदा तिनं दाराशी उभं राहून एकाला सगळं समजावून सांगितलं, तर त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी, मी विष घेऊन आलो हो," असं म्हणाला. त्यानंतर तिनं कुणाला सांगणं सोडून दिलं.

2020 मध्ये अण्णांच्या डाव्या हाताला फिस्टुला केला. मनगटाजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, मग शीर जाड होत जाते आणि काही आठवड्यांनी सुई घेण्याजोगी होते. त्या जागी हात ठेवला की आतून सतत घरघर लागते. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्यानं मनगटाला कान लावला आणि ओरडला, "आबा, तुमच्या हातात एसटी चालू आहे!" अण्णा कितीतरी दिवसांनी हसले. आता रोज सकाळी उठल्यावर ते आधी तिथं बोटं ठेवतात. गाडी चालू आहे ना, बघतात. घरघर थांबली तर लगेच दवाखाना गाठायचा, असं सांगितलेलं आहे. त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, रक्त काढायचं नाही, वजन उचलायचं नाही. तीस वर्षं तिकिटांची पेटी त्याच हातात असायची.

2021 च्या जानेवारीत डायलिसिस सुरू झालं. आधी आठवड्यातून दोनदा, आता तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसल्यामुळे डायलिसिसचा खर्च अंगावर आला नाही, नाहीतर पेन्शनवर हे निभलं नसतं. पण योजना पैसे देते, वेळ देत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार हे दिवस कॅलेंडरमधून गेलेच. पाणी दिवसाला एक लिटर, त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्यांबरोबरचा घोट आला. आई सकाळी एक तांब्या भरून ठेवते. तहान लागली की अण्णा वेलची चघळतात.

ज्या वर्षी अण्णांचा फिस्टुला झाला, त्याच वर्षी डापाग्लिफ्लोझिन या गोळीनं किडनीचं नुकसान मंदावतं हे मोठ्या चाचणीत दिसून आलं. आणि त्याच वर्षी भारतात तिचं पेटंट संपलं, किमती धडाधड उतरल्या. या गटातल्या गोळ्यांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. 1835 मध्ये त्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा पदार्थ काढला होता, तो दिला की लघवीतून साखर जाते असं पुढे लक्षात आलं. आजच्या गोळ्या तेच काम नेमकेपणानं करतात. किडनी साखर परत ओढते तो दरवाजा बंद करतात. साखरेबरोबर मीठ पुढे जातं, चौकीदाराला खरी परिस्थिती कळते, तो येण्याच्या वाटेचा व्हॉल्व्ह आवळतो. जाण्याची वाट मोकळी करणाऱ्या गोळ्या, टेल्मिसार्टन-लोसार्टनच्या जातीच्या, त्याआधीच वीस वर्षं उपलब्ध होत्या. दोन्ही व्हॉल्व्ह हाताशी होते. 2011 मध्ये दुसरा तरी होता. ती पोपटी पट्टी पुन्हा बुडवली असती तर, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जाईल असं वाटत नाही.

पट्टीलाही सगळं दिसत नाही, हे मात्र आवर्जून सांगते. पट्टी हिरवी होते तेव्हा गळती बरीच वाढलेली असते. सुरुवातीची गळती पकडायला लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण काढतात. आम्ही त्याला एसीआर म्हणतो. सकाळची एक डबी, बस. तीसच्या खाली चांगलं, तीस ते तीनशे म्हणजे गळती सुरू, त्याच्यावर म्हणजे जोरात. मोठेपणी होणारा मधुमेह ज्या दिवशी सापडतो त्या दिवशीच ही तपासणी करायची असते, कारण साखर कधीपासून वाढलेली आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. मग दरवर्षी. आमच्या लॅबमध्ये दिवसाला शुगरची शंभरावर सॅम्पल येतात, एसीआरची किती येतात? कधी तीन, कधी एकही नाही. देशात मधुमेह असलेले लोक 10 कोटींवर गेलेत, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत आलं. त्यांतल्या साधारण तिघांमागे एकाची किडनी या वाटेला लागते. आणि टेबलावर डब्या तीन. मला याचा राग येतो. आधी माझाच येतो, मग सगळ्यांचा.

दादा पुण्यात असतो. त्याला 2015 मध्ये शुगर निघाली. अण्णांचं क्रिएटिनिन कळलं त्या रविवारी मी त्याला फोन केला आणि तो काही बोलायच्या आत म्हटलं, "दादा, उद्या सकाळची पहिली लघवी घेऊन लॅबमध्ये जायचं, एसीआर म्हणायचं, आणि रिपोर्ट मला पाठवायचा." 112 आला. तो म्हणाला, "क्रिएटिनिन नॉर्मल आहे की." मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरच्या खोलीतून माझा मुलगा धावत आला. एका रिपोर्टवर ठरवायचं नसतं, ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, फार व्यायाम यानंही आकडा वर जातो, म्हणून पुन्हा केला. 96. मग टेल्मिसार्टन सुरू झालं, पुढे डापाग्लिफ्लोझिन. गोळी सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन किंचित वर गेलं तेव्हा तो घाबरून गोळी सोडणार होता. दाब उतरला की थोडं तसं होतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नकोस, असं सांगून त्याला थांबवलं. गेल्या महिन्यात एसीआर 38 आला. बीपी 126. मेडिकलमधून तो आता पाठदुखीची गोळी आणत नाही, मलम लावतो.

परवा शुक्रवारी तो अण्णांना डायलिसिसला घेऊन गेला, मीही रजा काढून गेले. वजनकाट्यावर उभं राहायचं, दोन सुया, लाल नळ्या, मशीनची टिकटिक. हाताएवढ्या नळकांड्यात केसांसारखे हजारो पोकळ धागे आणि त्यांतून फिरणारं अण्णांचं रक्त. पलीकडच्या खाटेवर एका आजींचं डायलिसिस चाललं होतं, त्यांच्या उशाशी चाळिशीचा मुलगा बसला होता, मोबाइल बघत. अण्णांनी मान वळवली. ड्युटीवर असताना मागच्या सीटपर्यंत पोचायचा तसा त्यांचा आवाज एकदम चढला.

"काय पाव्हणं, तुम्हाला शुगर हाय?"

तो दचकला. "हो, आहे जरा. कंट्रोलमध्ये आहे."

"लघवी तपासली का? शुगर न्हवं. प्रथिनं."

तो काही बोलला नाही. अण्णांनी मोकळ्या उजव्या हातानं माझ्याकडे बोट केलं. "ही माझी पोरगी. लॅबमध्ये असती. नंबर घ्या तिचा. सोमवारी सकाळची पहिली डबी घेऊन जायचं."

नर्स म्हणाली, "आबा, हात हलवू नका." अण्णांनी मान डोलावली आणि त्याच्या पलीकडच्या खाटेपाशी कोण बसलंय ते बघायला लागले.